डाव्या जाळीतली बिअर

आमच्या डोंगरावरच्या एल आल्तो शहराच्या बाजारात पापाची कबुली दोन ठिकाणी द्यावी लागते. एक चर्चमध्ये पाद्रीबाबांपुढे, आणि दुसरी गाळ्यांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या एलिओदोरो लिमाचीपुढे. पाद्रीबाबा निदान पडद्याआड बसतात, आवाज खाली ठेवतात आणि चार प्रार्थना सांगून सोडून देतात. एलिओदोरो टीव्ही दुरुस्त करतो. तो कबुली चारचौघांत घेतो, मोठ्याने घेतो, आणि ती मिळाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नाही.

त्याची बायको हुस्ता त्याच गाळ्याच्या दर्शनी बाजूला रिमोट, वायरी आणि टीव्ही टांगायचे स्टँड विकते. एकोणीस वर्षं तिने ही पापं पाठमोरी बसून ऐकली आहेत. कुणी टीव्हीवर आपटून रिमोट फोडला, कुणी सासूवर फेकलेला बूट पडद्याला लागला, सगळं तिला ठाऊक. पण खरा हंगाम कार्निव्हलनंतरचा.

कार्निव्हलच्या मंगळवारी आमच्याकडे घरातल्या प्रत्येक वस्तूला शिंपण करतात. दाराला, फ्रिजला, शिलाई मशीनला, मिनीबसच्या इंजिनाला. रंगीत फिती बांधायच्या, कागदाच्या टिकल्या उधळायच्या, चार कोपऱ्यांना चार थेंब बिअरचे द्यायचे, जमिनीला तिचा वाटा द्यायचा आणि उरलेली आपल्या पोटात. वस्तूने वर्षभर साथ द्यावी म्हणून. आजोबांच्या वेळचा टीव्ही म्हणजे लाकडी पेटारा, त्याच्यावर बादली ओतली तरी तो शिंकत नसे. आताचा टीव्ही बोटभर जाड, पाठीला जाळी आणि जाळीखाली उघडा बोर्ड. चार थेंबांनी त्याचं काही बिघडत नाही. पण दुपारी तीननंतर थेंब मोजणारा माणूस आमच्या डोंगरावर अजून जन्माला यायचा आहे.

मग राखेचा बुधवार उलटला की गुरुवारपासून जिन्यात रांग लागते. ब्लँकेटात गुंडाळलेले टीव्ही, ते धरलेली दोन-दोन माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य.

"आपोआप बंद पडला, मास्तर."

"मास्तर नाही, इंजिनियर. आपोआप?"

"हो ना. नुसतं बघत बसलो होतो."

"आणि ही जाळीतली गुलाबी टिकली? ही पण आपोआप आली? मिनीबसने?"

"पोरांनी खेळताना काही..."

"तुमच्याकडे पोरं बिअर पितात?"

मग तो माणूस आधी बायकोकडे बघतो, बायको जिन्याकडे बघते, आणि शेवटी मान खाली घालून तो म्हणतो, ओतली, थोडीशी ओतली. एलिओदोरो विचारतो, थोडीशी म्हणजे किती. बाटली मोठी होती की लहान. कुणी ओतली. आजूबाजूचे गाळेवाले हातातलं काम टाकून ऐकत असतात.

याला तो शास्त्र म्हणतो. बिअरमध्ये साखर असते, ती चिपच्या पायांखाली चिकटून तांबं खाते. द्राक्षांची सिंगानी दारू वेगळी, शुद्ध अल्कोहोल वेगळं. काय सांडलं ते कळल्याशिवाय साफ कसं करणार, असं त्याचं म्हणणं. हे शास्त्र निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं हुस्ताला माहीत आहे. चिप उचलली की खाली काय सांडलंय ते त्याला दिसतंच, कुणी कबूल करो वा न करो. कबुली त्याला बोर्डासाठी लागत नाही, जिभेच्या चवीसाठी लागते.

इंजिनियर ही पदवीही अशीच. पेरूहून आलेल्या एका गृहस्थाकडे त्याने चार महिन्यांचा कोर्स केला, तेवढंच शिक्षण. पण जानेवारीत आमच्याकडे छोट्या वस्तूंची जत्रा भरते. ज्याला जे हवं त्याने त्याची छोटी प्रतिकृती विकत घ्यायची, म्हणजे वर्षभरात खरी मिळते. कुणी काड्यापेटीएवढं घर घेतं, कुणी बोटभर लांबीचा ट्रक. हुस्ताने एके वर्षी गंमत म्हणून त्याला तळहाताएवढं इंजिनियरचं प्रमाणपत्र घेऊन दिलं, शिक्क्यासकट. त्याने ते फ्रेम करून छताला लागून इतक्या उंच टांगलं की खालून कुणाला मापाचा अंदाज येऊ नये. तेव्हापासून कुणी मास्तर म्हटलं की तो बोटाने वर दाखवतो.

पण एक गोष्ट हुस्ता रागात असतानाही मान्य करते, ती म्हणजे त्याचा हात. नखाएवढी चिप, दोन्ही बाजूंना केसासारखे बारीक चोवीस-चोवीस पाय. शेजारचे प्लास्टिकचे सॉकेट चिकटपट्टीने झाकायचे, कथील नीट वितळावं म्हणून पायांवर फ्लक्सची, म्हणजे राळेच्या मलमाची, रेघ ओढायची, बोर्ड खालून शेगडीवर कोमट करायचा (तीच शेगडी, जिच्यावर हुस्ता सकाळी जांभळ्या मक्याचं आपी उकळते), आणि वरून गरम हवेची गन गोल गोल फिरवायची. समुद्राकाठचे व्हिडिओवाले साडेतीनशे डिग्री सांगतात. आमच्या चार हजार मीटर उंचीवर हवाच इतकी विरळ की साडेतीनशेवर चिप नुसती ऊन खात बसते. उतावळा माणूस मग चिमट्याने ओढतो, आणि चिपबरोबर बोर्डावरचं तांबंही उपटून आणतो. एलिओदोरो कधी ओढत नाही. आकडा वाढवतो आणि वाट बघतो. कथील वितळून चमकलं की चिमट्याने चिपला नुसता स्पर्श करतो, ती हलते, मग अलगद उचलतो. नवी चिप बसवताना ती कथलावर तरंगत आपली आपण जागेवर सरकते, आणि त्या क्षणी त्याचा चेहरा इतका शांत होतो की हुस्ताला तो लग्नाआधीचा मुलगा आठवतो. दुर्दैवाने लगेच तो बोलायला लागतो.

तर यंदाच्या कार्निव्हलच्या मंगळवारची गोष्ट.

गाळेधारक संघाच्या अध्यक्ष दोन्या (म्हणजे बाई) प्रिमितिवा चोके यांनी घरावर तिसरा मजला चढवला होता. वर मोठी बैठकीची खोली, आणि खोलीत भिंतीला टांगलेला नवाकोरा पासष्ट इंची टीव्ही. आमच्याकडे केकपासून जिन्यापर्यंत सगळ्याला धर्मबाप, म्हणजे पाठीशी उभा राहणारा मानकरी, लागतो. टीव्हीचा धर्मबाप एलिओदोरोच, यावर चर्चाही झाली नाही. बाजारातला अख्खा वरचा मजला जेवायला होता, बिअरची खोकी छतापर्यंत रचलेली होती, आणि चार वाजेपर्यंत धर्मबापाचे डोळे वेगवेगळ्या दिशांना बघू लागले होते.

शिंपणाची वेळ झाली. एलिओदोरो खुर्चीवर चढला, डाव्या हातात बाटली धरली आणि भाषण सुरू केलं. "बंधुभगिनींनो, शास्त्र समजून घ्या. टीव्हीवर बिअर ओतू नये. का ओतू नये? तर ही जाळी. समजा एखाद्या मूर्खाने इथून, या डाव्या टोकातून ओतली. अशी. समजा ओतत राहिला. अशी. तर ती सरळ खाली पॅनेलच्या बोर्डावर जाते." बाटली रिकामी झाली तेव्हा त्याने विचारलं, "समजलं?" लोकांना समजलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, टिकल्या उधळल्या, आणि टीव्ही पुढचे दोन तास चालूच राहिल्यामुळे इंजिनियरने काहीतरी खास विद्या वापरली असणार असंही काहींना वाटलं. तोवर धर्मबाप बटाट्याच्या पोत्यांवर झोपला होता.

बुधवारी सकाळी डोकं धरून त्याने विचारलं, "काल काय काय झालं गं?"

"काही नाही," हुस्ता म्हणाली. "झोपलास."

तिने का नाही सांगितलं? खरं सांगायचं तर एकोणीस वर्षांत या माणसाची एकही चूक तिच्या हाती लागली नव्हती. त्याचं सूप खारट झालं तर मीठ खारट असायचं, तो उशिरा आला तर घड्याळ पुढे असायचं. आणि आता ही एवढी थोरली, पासष्ट इंची चूक तिच्या पदरात पडली होती. ती लगेच खर्च करावी असं तिला वाटेना. बुधवार, गुरुवार ती वायरी गुंडाळताना मधूनच हसायची. तो विचारायचा काय झालं, ती म्हणायची काही नाही.

शुक्रवारी सकाळी दोन हमाल ब्लँकेटात गुंडाळलेला पासष्ट इंची टीव्ही घेऊन जिना चढले आणि मागून दोन्या प्रिमितिवा आल्या. हुस्ताचं हसू तिथेच विरलं.

कारण रविवारी संघाची सभा होती. दरवर्षी कार्निव्हलनंतरच्या रविवारी गाळ्यांची यादी वाचली जाते आणि कुणाचा गाळा कुठे ते ठरतं. ठरवणार दोन्या प्रिमितिवा. कोपऱ्याचा गाळा जिन्यासमोर, त्याला खिडकी. फ्लक्सचा धूर बाहेर जातो आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाला आधी हुस्ताचे रिमोट दिसतात. शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा रेमिहिओ तीन वर्षं त्या खिडकीवर डोळा ठेवून होता. आणि यंदा एकच गाळा रिकामा होता, बोळाच्या टोकाचा, संडासाला लागून. तिथे रिमोट घ्यायला कोण येणार? जो येईल तो नाक दाबून येईल आणि घाईत असेल.

"आपोआप बंद पडला, इंजिनियर," दोन्या प्रिमितिवा म्हणाल्या.

म्हणताना त्यांनी एलिओदोरोकडे नाही, हुस्ताकडे बघितलं. हुस्ताला ती नजर लख्ख कळली. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे, तुझ्या नवऱ्याची लाज मी राखते, त्याने गुपचूप दुरुस्त करून द्यावा, असं त्या नजरेत होतं. इतका समजूतदारपणा त्या बाईने याआधी कुणाला दाखवल्याचं ऐकिवात नव्हतं.

"आपोआप," एलिओदोरो म्हणाला, आणि हुस्ताने हातातली वायर खाली ठेवली. तो स्वर तिच्या ओळखीचा होता.

"एलिओदोरो, बाईंना घाई आहे," ती म्हणाली. "घे आत तो टीव्ही."

"थांब. शास्त्र सगळ्यांना सारखं. अध्यक्ष असोत नाहीतर बटाटेवाली असो. दोन्या प्रिमितिवा, टीव्हीला वास येतोय. कसला येतोय ते तुम्ही सांगा."

"मला सर्दी झालीय."

"मंगळवारी शिंपण केलंत ना?"

"सगळ्यांनीच केलं. तुम्हीही होता."

"मी होतो, म्हणूनच विचारतोय. मी असताना कुणी ओतलं असतं तर मी हात धरला असता. म्हणजे मी झोपल्यावर ओतलं. कुणी?"

रेमिहिओ खोकल्याचं निमित्त करून कव्हरांच्या ढिगामागे गेला. दोन्या प्रिमितिवांनी शाल सारखी केली, डोक्यावरची उंच टोपी बोटाने जराशी सरळ केली. "उद्या बारा वाजता येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही उघडा तर खरं. काय सापडेल ते मलाच सांगा."

"तुम्हालाच नाही, सगळ्यांना सांगेन."

"जशी तुमची इच्छा," असं म्हणून त्या खाली उतरल्या.

हुस्ताने गाळ्याचा पडदा ओढला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. मूठ उघडायची वेळ आली होती, आणि तीही अशी फुकट.

"ऐक. तूच ओतलीस."

"काय?"

"बिअर. मंगळवारी. खुर्चीवर चढून. ओतू नये म्हणून सांगत होतास आणि ओतत होतास. पूर्ण बाटली."

एलिओदोरोने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि मनापासून हसला. "हुस्ता, तुला गाळ्याची काळजी आहे, मला कळतं. पण नवऱ्याच्या तोंडाला काळं फासून गाळा वाचवायचा? आणि तेही असं? मी, आणि टीव्हीवर बिअर? अगं, पाद्रीने चोरी केली म्हणालीस तर एक वेळ खपेल."

"रेमिहिओला विचार. कुणालाही विचार. चाळीस माणसं होती."

"ती चाळीसही प्यायलेली होती."

"मी नव्हते."

"तू माझ्यावर चिडलेली होतीस. ते प्यायल्यासारखंच." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "घाबरू नकोस. उद्या चिप उचलली की खरं काय ते बाहेर येईल. बोर्ड खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

हुस्ताला इतका राग आला की तिने दिवसभर त्याला आपी दिलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला या माणसाने छोट्या पडद्याचा मायक्रोस्कोप आणून ठेवला होता, आणि बायको तोंडावर सांगत असलेलं मुसळ त्याला चेष्टा वाटत होतं. गाळा जाणार याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त तिला हे लागलं की एकोणीस वर्षांनी तिने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि त्याने ते ऐकलंसुद्धा नाही.

शनिवारी बारा वाजता वरच्या मजल्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. त्यानेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, या, शास्त्र बघायला या. टेबलावर टीव्ही पालथा पडला होता. दोन्या प्रिमितिवांना स्टूल दिलं होतं. त्यांच्या शेजारी संघाची वही घेतलेला चिटणीस. हुस्ता वायरींच्या मागे बसली आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

त्याने पाठ उघडली, पॅनेलचा बोर्ड सोडवून शेगडीवर ठेवला, सॉकेट झाकले, फ्लक्स लावलं. गरम हवेचा सूं सूं आवाज सुरू झाला. त्याने आकडा चारशेच्या वर नेला आणि थांबला. सगळा बोळ थांबला. फ्लक्सचा धूर खिडकीतून बाहेर गेला. कथील चमकलं, चिमट्याचं टोक चिपला लागलं, ती जराशी डुलली आणि वर आली. खाली तांब्याची एकही पट्टी उपटली नव्हती. हुस्ताच्या मनात आलं, देवा, हा माणूस मुका असता तर काय संसार झाला असता.

मायक्रोस्कोपच्या पडद्यावर सगळ्यांना दिसलं. तपकिरी, चिकट, खडीसाखरेसारखा थर, आणि त्यात रुतलेली एक हिरवी कागदी टिकली.

"बिअर," एलिओदोरो म्हणाला. "आता माणसाकडे येऊ."

"माणूस राहू दे," हुस्ता मागून म्हणाली. "चिप बसव."

"माणूसच महत्त्वाचा. नीट बघा. हे शिंपण नव्हतं. शिंपणात चार कोपऱ्यांना चार थेंब. इथे बाकीच्या तीन कोपऱ्यांत टिपूस नाही, सगळी बिअर एकाच जागेतून आली. अख्खी बाटली. आता मला सांगा, आपल्यातला कुठला माणूस अख्खी बाटली टीव्हीला पाजेल?"

"समजावून सांगत असेल कुणाला," रेमिहिओ म्हणाला, आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

"टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला," एलिओदोरो रंगात आला होता. "म्हणजे माणूस कशावर तरी चढला. स्टुलावर, नाहीतर खुर्चीवर. म्हणजे चुकून सांडलं नाही, ठरवून ओतलं. डाग बघा, डाव्या टोकाच्या जाळीतून सुरू होतो. समोर उभं राहून वरून हात घातला तर उजव्या हाताचा माणूस उजवीकडे ओतेल. म्हणजे हा डावखुरा."

सगळ्या मजल्यावरचे डोळे त्याच्या चिमट्याकडे वळले. चिमटा डाव्या हातात होता. त्याच्या एकट्याच्या ते लक्षात आलं नाही, कारण तो पडद्याकडे बघत होता.

"आणि शेवटचं. नेमकी हीच जाळी. या जाळीखाली पॅनेलचा बोर्ड आहे हे रस्त्यावरच्या माणसाला माहीत नसतं. म्हणजे हा जाणकार आहे. आपल्याच धंद्यातला."

"म्हणजे संघातला," दोन्या प्रिमितिवा शांतपणे म्हणाल्या.

"शंभर टक्के संघातला."

"मग तुम्हीच सांगा, इंजिनियर. अशा माणसाचं आम्ही उद्या काय करावं?"

"एलिओदोरो," हुस्ता म्हणाली.

"काय करावं? जाणत्या माणसाने दुसऱ्याची वस्तू बिघडवायची आणि तोंड वर करून फिरायचं? त्याच्या नावावर गाळाच असू नये. संडासाशेजारचासुद्धा नको."

"लिहून घ्या," दोन्या प्रिमितिवा चिटणिसाला म्हणाल्या.

चिटणिसाने लिहिलं. लिहिताना त्याने मान खालीच ठेवली. तेव्हा कुठे एलिओदोरोने पडद्यावरून डोळे काढले आणि लोकांकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं. चाळीस माणसं त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. त्यानेही बघितलं. हुस्ताला त्याच्या चेहऱ्यावर सगळं टप्प्याटप्प्याने उतरताना दिसलं. आधी हात, मग बहुधा खुर्ची, मग टाळ्या. ज्या क्षणाची ती तीन दिवस वाट बघत होती तो हाच होता, आणि तिला जराही मजा आली नाही. तिला फक्त भीती वाटली, आणि त्याची दया आली, आणि दया आल्याचा पुन्हा राग आला.

"मी शुक्रवारी म्हटलं होतं, आपोआप बंद पडला," दोन्या प्रिमितिवा म्हणाल्या. "माझी सर्दी तुम्हाला चालली नाही."

हुस्ता वायरींमधून उठली. रेमिहिओ खिडकीकडे बघत होता, जणू पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवत होता. ते पाहिलं आणि तिची भीती गेली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "त्याला देऊ नका. मला द्या."

"काय म्हणालीस?"

"कोपऱ्याचा गाळा. माझ्या नावावर. एकोणीस वर्षं मी तिथे बसतेय, सभेला येतेय, जिना झाडतेय. मी कुणाच्या टीव्हीवर काही ओतलं नाही. आणि मी याला सांगितलं होतं, विचारा. ऐकलं नाही त्याने. तो त्याचा गुन्हा, माझा नाही."

दोन्या प्रिमितिवांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "उद्या बघू," त्या म्हणाल्या. "आधी माझा टीव्ही."

एलिओदोरोने चिप बसवली. थर धुतला, जुनं कथील पुसून काढलं, भंगारातल्या बोर्डावरून काढलेली तशीच चिप कोपऱ्यातल्या ठिपक्यावरून दिशा बघून ठेवली, गरम हवा दिली. चिप तरंगली, सरकली, बसली. टीव्ही लागला, पडद्यावर कुणीतरी कांदा चिरत होतं, आणि लोक खाली गेले. हे सगळं त्याने एकही शब्द न बोलता केलं. हुस्ताने संध्याकाळी त्याला आपी दिलं. त्याने ते प्यायलं आणि कप स्वतः धुतला, तेव्हा तिला काळजी वाटायला लागली.

रविवारी सभेत गाळेधारक पुढे खुर्च्यांवर बसतात आणि घरची माणसं मागे भिंतीला टेकून उभी राहतात. एलिओदोरो सवयीने खुर्चीवर जाऊन बसला. चिटणीस त्याच्याजवळ वाकून काहीतरी म्हणाला. तो उठला आणि मागे, रेमिहिओच्या बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. ती जागा करून देण्यासाठी जरा जास्तच सरकली.

यादी वाचून झाली. कोपऱ्याचा गाळा, खिडकीसकट, हुस्ता तिकोना, तिच्या माहेरच्या आडनावाने. रेमिहिओ जिथे होता तिथेच. पुढची बाब, जिन्यातला दिवा.

हुस्ता आता पुढच्या खुर्चीवर बसली होती; सही करायला वही तिच्याकडे आली तेव्हा एलिओदोरो मागून तिच्याजवळ सरकला. एका दिवसात त्याचा चेहरा बारीक झाला होता.

"बुधवारीच सांगायचं होतंस," तो हळू आवाजात म्हणाला. "बुधवारी मी विचारलं होतं."

हुस्ताला वाटलं, झालं, आली परत गाडी रुळावर; आता यातही चूक माझीच. तिने पेन उघडलं.

"बुधवारी सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास?"

समोर जिन्यातल्या दिव्यावरून भांडण सुरू झालं होतं.

"नाही," तो म्हणाला.

हुस्ताने त्याच्याकडे बघितलं. एवढं सरळ उत्तर त्याने तिला कधी दिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि अशा माणसासाठी भरून आले म्हणून ती स्वतःवरच वैतागली. मग तिने वही गुडघ्यावर ठेवली आणि आपल्या नावापुढे सही केली.